यादीत शिवण नाही

"आणि शिवण?"

आईनं हे विचारलं तेव्हा मी तिला माझ्या खेळातला एक कागद वाचून दाखवत होते. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. काळा चष्मा, वेळेवर थेंब, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. कराडहून ती पुण्यात माझ्याकडे राहायला आली होती आणि तिला काहीच काम नव्हतं. चोवीस वर्षं लोकांची ब्लाऊज शिवणारी बाई रिकामी बसली की काय करते, ते मी पहिल्यांदाच बघत होते. हाताला येईल त्या कापडाची कड ती चाचपत बसायची. उशीचा अभ्रा, माझी ओढणी, पडदा. "ही टीप कुणी मारलीय? सरळ नाही."

दर रविवारी माझ्याकडे चार मित्रमैत्रिणी येतात आणि आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हा टेबलाभोवती बसून खेळायचा गोष्टीचा खेळ आहे. एक जण जग उभं करतो, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. आमच्यात ती मी. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि 'मी आता हे करतो' असं सांगत जातात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. त्यावर ताकद, चपळाई, बुद्धी यांचे आकडे असतात आणि कौशल्यांची एक यादी असते. आम्ही 2020 च्या लॉकडाउनमध्ये लॅपटॉपवर सुरुवात केली आणि पुढे प्रत्यक्ष भेटायला लागलो.

त्या यादीत अठरा कौशल्यं आहेत. कसरत, अंगमेहनत, जनावरं हाताळणं, जादूविद्या, फसवणं, धाक दाखवणं, मन वळवणं, समोरच्याचं मन ओळखणं, शोध घेणं, औषधोपचार, चौकस नजर, हातचलाखी, चोरपावलं, रानात तगून राहणं, सादरीकरण, इतिहास, निसर्ग, धर्म. मी तिला सगळी वाचून दाखवली. ती बोटांवर मोजत होती.

"आणि शिवण?"

"शिवण नाहीये त्यात."

"मग ती माणसं घालतात काय?"

मी हसले, पण उत्तर देता आलं नाही. चार वर्षं मी हा खेळ चालवत होते आणि ती यादी अशीच का, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. छापलेल्या यादीचं असंच होतं. आपण त्यातल्या रकान्यांवर टिक करत जातो.

त्या आठवड्यात मी मागे मागे जात जुन्या आवृत्त्या वाचत गेले. एका मित्राच्या मामांनी कधीकाळी अमेरिकेहून आणलेलं दुसऱ्या आवृत्तीचं पुस्तक आमच्याकडे होतं. बाकीचं तुकड्यातुकड्यांनी मिळवलं. आणि लक्षात आलं की गेल्या पन्नास वर्षांत या खेळात सगळ्यात जास्त वेळा मोडून पुन्हा मांडलेली गोष्ट कुठली असेल, तर ती ही कौशल्यांची यादी.

सुरुवातीला ती नव्हतीच. 1974 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ बाहेर आला. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका. पात्रांचे प्रकार तीनच: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. पोहता येतं का, झाडावर चढता येतं का, दोरीची गाठ मारता येते का, हे कागदावर कुठेच लिहायचं नव्हतं. काय करताय ते तुम्ही तोंडानं सांगायचं. विकत घ्यायच्या सामानात दहा फुटांची एक काठी होती. 'मी काठीनं पुढची फरशी ठोकून बघतो' म्हणालात तर मास्टर ठरवणार, खालचा सापळा कळला की नाही. जमणं न जमणं तुमच्या सांगण्यावर होतं.

मग 1975 मध्ये 'ग्रेहॉक' नावाची पुरवणी आली आणि तिच्याबरोबर चोर आला. कुलूप उघडणं, सापळा निकामी करणं, खिसा कापणं, आवाज न करता चालणं, सावलीत लपणं. प्रत्येक कामापुढे टक्केवारी. खेळातली ही पहिली खरी कौशल्ययादी म्हणता येईल. चोर खेळणारे खूश झाले असणार. पण तिचा दुसरा परिणाम लगेच दिसतो. कालपर्यंत लढवय्यासुद्धा 'मी खांबामागे लपतो' म्हणू शकत होता. आता लपणं चोराच्या रकान्यात गेलं. मग लढवय्याला लपता येतं की नाही? आणि खुद्द चोराचं काय? 1978 च्या पुस्तकात पहिल्या पातळीच्या चोराची सावलीत लपण्याची मूळ शक्यता आहे 10 टक्के. म्हणजे ज्याच्या नावावर लपण्याची विद्या लिहिली, तो दहातून नऊदा पकडला जाणार.

एखादी गोष्ट यादीत घातली की ती कुणाला तरी मिळते, आणि त्याच क्षणी बाकीच्यांकडून काढून घेतली जाते. तोवर 'सगळ्यांना थोडंफार येतंच' या खात्यात असलेली गोष्ट 'परवानगी आहे का?' या खात्यात जाते.

शिवणाचा शोध घेतला तर ते पहिल्यांदा दिसलं 1979 च्या मास्टरसाठीच्या पुस्तकात. साहसाला निघण्याआधी तुमचं पात्र कुठला धंदा शिकलं होतं, हे फासा टाकून ठरवायचा एक तक्ता होता. शेतकरी, कोळी, गवंडी, खाणकामगार, खलाशी. त्यात एका ओळीत शिंपी आणि विणकर एकत्र. धंदा मिळायचा तो नशिबानं.

1989 ची दुसरी आवृत्ती उघडली आणि मी आईला हाक मारली. तिथे शिवण स्वतंत्र होतं! विणकाम वेगळं, शिवणकाम वेगळं. सोबत स्वयंपाक, कुंभारकाम, सुतारकाम, चांभारकाम, मासेमारी, चूल पेटवणं, पाऊस येणार का ते ओळखणं, दोरी वापरणं, गाणं, नाच. वाचायला बसलं तर एखाद्या गावची शिरगणती वाचतोय असं वाटतं. शिवण घ्यायला एक जागा खर्च करावी लागायची आणि ते चपळाईवर तोललं जायचं.

"चपळाई म्हणजे?" आईनं विचारलं.

"हात चालणं. बोटं."

"अर्धं बरोबर आहे. बेतायला डोकं लागतं. कापड एकदा कापलं की परत जोडता येत नाही."

त्याच आवृत्तीत वाचता-लिहिता येणं हेसुद्धा एक कौशल्य होतं, आणि ते धर्मगुरू आणि जादूगारांच्या गटात होतं. लढवय्याला अक्षरओळख हवी असेल तर एक जागा जास्त मोजावी लागायची. सुरुवातीला त्याच्याकडे असायच्या तीन. म्हणजे लढवय्यानं वाचायला शिकायचं, तर तीनातल्या दोन जागा गेल्या.

2000 साली तिसरी आवृत्ती आली आणि तिनं ही कल्पना आणखी घट्ट केली. 'कारागिरी' नावाचं एक कौशल्य आलं, त्यापुढे मोकळी जागा. कुठली कारागिरी ते तुम्ही भरायचं. शिवण लिहा, लोहारकाम लिहा. ऐकायला छान. पण प्रत्येक पातळीला लढवय्याला गुण मिळायचे दोन आणि चोराला आठ, बुद्धीप्रमाणे थोडे कमीजास्त. दोनातला एक शिवणावर घातला तर भिंत चढायची कशी? त्यामुळे यादीत असूनही ते फारसं कुणी घ्यावं अशी सोयच नव्हती. शिवाय पात्राच्या प्रकाराला 'आपली' मानलेली कौशल्यं आणि 'परकी' मानलेली कौशल्यं असा भेद होता. परकं कौशल्य शिकायला दुप्पट गुण पडायचे, आणि कितीही शिकलात तरी त्यात अर्ध्याच उंचीपर्यंत पोचता यायचं. हा नियम मी वाचला आणि थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवलं. तो समजायला आपल्याकडच्या माणसाला हा खेळ खेळावा लागत नाही.

2008 च्या चौथ्या आवृत्तीत सफाई झाली. दिसणं, ऐकणं आणि शोधणं मिळून एक कौशल्य. चढणं, उडी आणि पोहणं मिळून एक. यादी आली सतरावर. खेळायला ती खरंच सुटसुटीत आहे, हे मान्य करायला हवं. पण कारागिरी गेली, धंदा गेला, गाणं-बजावणं गेलं. त्यामागचा तर्क समजण्यासारखा आहे: तुमचं पात्र उत्तम शिंपी आहे असं तुम्हाला वाटतं ना, मग आहे. त्यासाठी गुण कशाला खर्च करताय? गुण राक्षसाशी लढायला ठेवा.

तर्क चूक नाही, पण तो मला ओळखीचा वाटला. पहिलीपासून इंजिनीअरिंगपर्यंतचे माझे सगळे फॉर्म मी डोळ्यांपुढे आणले. आईचं नाव. आईचा व्यवसाय: गृहिणी. आठवीपासून ते फॉर्म मी स्वतः भरत आले. माझ्या कॉलेजच्या फीचा दुसरा हप्ता दर वर्षी दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या ब्लाऊजमधून यायचा. बाहेरच्या खोलीत पायमशीन, दारावर 'फॉल-बिडिंग, पिको करून मिळेल' अशी पाटी, आणि मी त्या पाटीशेजारी बसून लिहायची: गृहिणी. कुणी खोटं लिही म्हणालं नव्हतं. शिवण येतं ते येतंच, ते कुठे लिहायचं असतं का?

2014 ची पाचवी आवृत्ती, म्हणजे आम्ही खेळतो ती, मधला मार्ग काढते. कौशल्यं अठरा, त्यांत कारागिरी नाही. पण सामानाच्या यादीत कारागिरांची सतरा प्रकारची साधनं आहेत आणि त्यांवर तुमचा 'हात बसलेला' असू शकतो. सुताराची, कुंभाराची, चांभाराची, विणकराची. शिंप्याची मात्र वेगळी नाहीत. 2017 च्या एका पुरवणीत शोधलं तर विणकराच्या साधनांत सुई, दोरा आणि कापडाचे तुकडे सापडतात. माग सोबत नेता येत नाही, असंही तिथे म्हटलंय. म्हणजे 1979 मध्ये शिंपी आणि विणकर एका ओळीत होते, 1989 मध्ये वेगळे निघाले, 2008 मध्ये दोघंही गेले आणि 2014 मध्ये विणकर परत आला तो शिंप्याची सुई खिशात घालून. 2024 च्या नव्या पुस्तकात त्याच साधनांनी फाटलेला कपडा शिवता येतो, तंबू आणि कपडे बनवता येतात. पण कौशल्यं अजून तीच अठरा.

पुढच्या रविवारी आई सोफ्यावर बसून आमचा खेळ ऐकत होती. पात्रांना एका गढीत शिरायचं होतं. त्यांनी एका पहारेकऱ्याचा गणवेश पळवला होता, पण तो आमच्या चोराला फारच मोठा होत होता. चोर खेळणारा मित्र म्हणाला, "मी तसाच घालून जातो. फसवण्यावर फासा टाकतो."

"असा ढगळ कोट घालून कोण फसणार?" सोफ्यावरून आवाज आला. "रात्र आहे ना हातात? बाजूच्या शिवणी उसवा."

सगळे तिच्याकडे वळले. "काकू, तुम्हीच करा मग."

आणि तिनं केलं. डोळ्यांवर काळा चष्मा तसाच होता. दोन्ही बाजू उसवायच्या, पण मुंढ्याला हात लावायचा नाही, तिथे गडबड केली की हात वर होत नाही आणि पहारेकऱ्याला भाला धरायचा असतो. जास्तीचं कापड कापायचं नाही, आत माया म्हणून ठेवायचं, म्हणजे परत सोडता येईल. बाह्या आतून दुमडून हातशिलाई. बटणं सरकवायची, पण जुन्या जागेचे दोऱ्याचे डाग दिसतात, म्हणून त्यावर पट्टा बांधायचा. मध्येच तिनं विचारलं, "कोट लोकरीचा की सुती?" मी हे ठरवलंच नव्हतं. मी म्हटलं लोकरीचा. "मग बरं. लोकरीत टाका लपतो."

मी सवयीनं फासा तिच्यापुढे केला. "टाक."

"फासा कशाला? मला येतंच ते."

"अगं, चुकूही शकतं ना. शक्यता असते."

"चोवीस वर्षांत लग्नाच्या आदल्या रात्री ब्लाऊज तंग होतंय म्हणून आलेली एकही बाई मी परत पाठवली नाही." थोडं थांबून म्हणाली, "फासा टाकायचाच असेल तर दिव्यात तेल पुरतं का, त्यावर टाक. ते माझ्या हातात नाही."

तिसऱ्या आवृत्तीत एक नियम होता. घाई नसेल, जिवावर बेतलेलं नसेल, तर फासा न टाकता दहा पडले असं धरायचं. भरपूर वेळ असेल, आणि चुकलं तर नुकसान नसेल, तर वीसपट वेळ लावून थेट वीस धरायचे. जे काम माणूस रोज करतो, ते दर वेळी नशिबावर सोडू नये, एवढाच त्याचा अर्थ. मी तो वाचला होता. आईनं तो न वाचता सांगितला, आणि वर शंका नेमकी कुठे आहे तेही दाखवलं. ती तिच्या हातात नव्हती, दिव्यात होती.

मी तेलावर फासा टाकला. चार पडले. एक बाही राहिली असताना दिवा विझला.

"अंधारात धावदोरा घालते," ती म्हणाली. "त्या हातात भाला देऊ नका, म्हणजे झालं."

गढीत शिरेपर्यंत आमचा चोर डाव्या हातात भाला धरून चालत होता. पहारेकरी बदलताना कुणीतरी त्याला उजव्या हातानं सलाम करायला लावला, तेव्हा सगळे श्वास रोखून बसले होते. अठरा कौशल्यांपैकी एकानंही आमच्या टेबलावर एवढा ताण कधी आणला नव्हता.

सगळे गेल्यावर मी तिला विचारलं, "मला का नाही शिकवलंस?" मला साधं बटण नीट लावता येत नाही. सुट्टीत मैत्रिणी आयांजवळ बसून शिकायच्या, आणि मला ती मशीनपासून उठवून अभ्यासाला बसवायची.

"शिकवलं असतं तर बसली असतीस तिथंच," ती म्हणाली. "एकदा हात बसला की लोक उठू देत नाहीत. मला तरी कुठं उठू दिलं?"

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. मी आठवडाभर तिच्या वतीनं एका यादीवर रागावले होते. यादीत नाव असणं म्हणजे मान, असं मी धरून चालले होते. आईनं मात्र माझं नाव जाणूनबुजून एका यादीत येऊ दिलं नव्हतं.

जायच्या दोन दिवस आधी तिनं माझ्या कुर्त्याची उसवलेली बाही हातात घेतली. सुईत दोरा ओवायला लागली. एकदा, दोनदा, चारदा. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला चष्म्याचा नंबर अजून मिळायचा होता, दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू सुरू झालाय. मी दोरा ओवून दिला. ती म्हणाली, "आता टाकावा लागेल बघ फासा." म्हणाली हसतच, पण बाही शिवून झाल्यावर टाके बोटानं दोनदा तपासले. असं तपासताना मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी कराडच्या शेजारणीचा फोन आला. पीएम विश्वकर्मा योजनेचा फॉर्म भरून घेतायत, तुमचाही भरा. ही योजना सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झाली. ओळखपत्र, प्रशिक्षण, साधनांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, शिवाय कर्जाची सोय. मी फोनवर माहिती उघडली आणि तिला धंद्यांची यादी वाचून दाखवली. सुतार, होडी बनवणारा, शस्त्रं बनवणारा, लोहार, हातोडी आणि अवजारं बनवणारा, कुलपं बनवणारा, सोनार, कुंभार, मूर्तिकार, चर्मकार, गवंडी, टोपल्या-चटया-झाडू करणारा, बाहुल्या-खेळणी करणारा, न्हावी, माळा करणारा, धोबी, शिंपी, मासेमारीची जाळी विणणारा. ही यादीही अठराची. ही साधनांसाठी पैसे देते, आणि हिच्यात शिवण आहे.

आई गप्प होती. मग म्हणाली, "पण आपण शिंपी कुठं आहोत?"

"जात नाही गं विचारत. काम विचारतायत."

"नाव तर जातीचंच आहे." थोडा विचार करून म्हणाली, "लेडीज टेलर असं लिहिता येतं का?"

"शिंपी हाच पर्याय दिसतोय."

"मग पुढं कंसात लिही. फक्त ब्लाऊज, फॉल-बिडिंग आणि पिको. पँट मला येत नाही."

"कंस नाहीये, आई."

"आणि उद्या कुणी कार्ड बघून पँट घेऊन आलं तर?"

मी तिला म्हटलं, कराडला गेल्यावर केंद्रात विचारू. ती बॅग भरायला उठली. डाव्या बाजूला औषधं, उजव्या बाजूला कपडे, आणि मधल्या कप्प्यात माझ्या उसवलेल्या तीन कुर्त्यांची घडी. "तिकडं मशीनवर मारते," ती म्हणाली. "नंबर आला की."